डाव्या हाताची शेवंती

"आत्या, हात सैल सोड की. मूठ कशाला आवळतेस?"

"आवळली नाही. माझा हात असाच असतो."

"असाच असतो म्हणे. नखं मुठीत गेल्यावर मी रंगवू काय, मनगट?"

मयूरीने माझी बोटं एकेक करून उलगडली आणि मांडीवरच्या जुन्या टॉवेलवर हात पालथा ठेवला. मयूरी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची धाकटी मुलगी. तेव्हा ती बारावीत होती आणि अभ्यास सोडून बाकी सगळ्यात हुशार होती. तिच्या बहिणीची, तेजलची, दुसऱ्या दिवशी हळद. घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगणात मांडववाले खांब रोवत होते, खाली वहिनी कुणावर तरी खेकसत होती आणि आम्ही दोघी माडीवरच्या खिडकीशी फतकल मारून बसलो होतो. मी पोलिसात शिपाई. लग्नासाठी मोठ्या मिनतवारीने रजा मिळवली होती.

वर्दीवर नखांना रंग चालत नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. माझे हात वडिलांवर गेलेले, पंजा रुंद, बोटं जाड. बांगड्या भरणारी कासारीण माझा हात धरला की आधी एक सुस्कारा सोडायची. गावात ह्या हाताची ख्याती होती ती वेगळ्याच कारणासाठी. बसस्टँडवर पोरींच्या मागे लागणाऱ्या एका टोणग्याच्या कानाखाली मी एकदा आवाज काढला, तर त्याचा चष्मा रस्त्यापलीकडच्या गटारात सापडला. तेव्हापासून ठाण्यात म्हणायचे, ढमाळबाईंचा हात जड आहे. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला सांगू.

मयूरीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यासमोर उपडा केला. पंधरावीस बाटल्या घरंगळल्या.

"हा बघ, डाळिंबी."

"नको."

"मग जास्वंदी? तुझ्या साडीवर उठून दिसेल."

"लाल कुठलाच नको."

"का?"

"रोज बघते मी."

मग लालातल्या सगळ्या बाटल्या तिने मुकाट्याने डब्यात टाकल्या आणि वांगी रंग पुढे केला.

"हा लावला तर बोटं दारात चेमटल्यासारखी दिसतील," मी म्हटलं.

"आत्या, तुला प्रत्येक रंगात मारामारीच कशी दिसते गं? हा मोरपिशी घे. ह्यात काय दिसतं?"

"ह्यात काही नाही दिसत. पण माझ्या वयाला शोभत नाही."

"तुझ्या वयाच्या बायका सोनेरी चमकी लावतात."

"त्यांना दुसऱ्या दिवशी साहेबाला सलाम ठोकायचा नसतो."

शेवटी पिवळ्यावर आमची तडजोड झाली. शेवंतीचा असतो तसा, उग्र नाही आणि फिकाही नाही. मयूरीने आधी बिनरंगाचा हात फिरवला, तो वाळू दिला, मग पिवळ्याचे दोन हात दिले. आणि मग तिची कलाकुसर सुरू झाली. उदबत्तीची काडी पांढऱ्यात बुडवून नखावर एकेक पाकळी टेकवायची आणि सगळ्या पाकळ्या झाल्या की टाचणीच्या डोक्याने मधोमध केशरी टिपका द्यायचा. जीभ दातात धरून ती काम करत होती. माझा हात तिने असा धरला होता की मला तो माझा वाटेना. ह्या हाताला लोक चुकवायचे. नीट मांडीवर घेऊन त्याच्याशी इतका वेळ कुणी बसलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघू लागले.

"हलू नको. डावा झाला. वाळला की उजवा घेते."

डाव्या हाताच्या पाची नखांवर शेवंती उमललेली होती. मी हात उजेडात धरून बघत होते, तेवढ्यात फोन वाजला.

ठाण्यातून होता. सगळ्यांच्या रजा रद्द. चिंचखोपी फाट्यावर खडीच्या डंपरने बाई चिरडली, रस्ता रोखलाय, गर्दी ऐकत नाही. असाल तशा या.

मी उठले. "रिमूव्हर दे."

मयूरीचा चेहरा पडला. "संपलं. सकाळी तेजलच्या मैत्रिणींनी सगळं संपवलं."

मी अंगठ्यावरचा रंग दाताने खरवडायला लागले, तर तिने माझा हात धरला. "आत्या, मोडू नको ना. संध्याकाळी येशील तेव्हा उजवा करते. तसेही तुझ्या डाव्या हातात ढालच असते, कोण बघणार आहे?"

ते खरं होतं. डाव्या हातात ढाल, उजव्यात काठी. मी वर्दी चढवली आणि हात खिशात घालून पाहुण्यांमधून बाहेर पडले.

---

मेलेली बाई म्हणजे अंगणवाडीच्या मंदाबाई. फाट्यावरच्या निम्म्या लोकांना मुळाक्षरं त्यांनी गिरवायला शिकवलेली. खडीचे डंपर त्या रस्त्याने बेफाम जायचे, लोकांनी निवेदनं देऊन देऊन हात टेकले होते आणि आता मंदाबाई रस्त्यावर पडल्या होत्या, अंगावर कुणीतरी घरची चादर घातली होती. लोकांची तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पण आम्ही पोचलो तेव्हा ड्रायव्हरला केबिनमधून खाली ओढून तुडवणं चाललं होतं. आमचं पहिलं काम त्याला जिवंत बाहेर काढायचं.

आम्ही पाचर मारल्यासारखे घुसलो. माझ्या बाजूला खताळ होता, माझ्याच तुकडीतला, लग्नाला वर्ष न झालेला पोरगा. हेल्मेट, छातीला चिलखत, गुडघ्याला पट्टे, अशा अवतारात बाई कोण आणि पुरुष कोण ओळखू येत नाही. आम्ही ड्रायव्हरच्या बगलेत हात घालून त्याला ओढलं. त्याचा एक कान लोंबत होता. त्याच्या तोंडातून शब्द येत नव्हते, फक्त फुगे येत होते. एका म्हातारीने वाकून त्याच्या तोंडावर चप्पल मारली आणि लगेच मला म्हणाली, "सरक की, अजून एक मारूदे." मी तिला ढालीने मागे लोटलं. ड्रायव्हर व्हॅनमध्ये पोचला तसा लोकांचा सगळा राग आमच्यावर आला.

आणि दारूगोळा तर त्यांच्यासमोर ढीगभर पडलेला. डंपर कलंडला होता, खडी रस्त्यावर पसरली होती. अशी धारदार खडी की मुठीत मावेल आणि नेमकी लागेल. पहिला दगड माझ्या ढालीवर आपटला तेव्हा कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मग मोजायची सोयच राहिली नाही. हेल्मेटवर, खांद्यावर, नडग्यांवर सटासट बसत होते. माझ्या पुढच्या शिपायाचा दात पडला, त्याने तो थुंकला आणि पुन्हा ढाल वर केली. कुणीतरी डंपरच्या टायरवर डिझेल ओतून काडी लावली. काळा धूर रस्त्यावर लोळायला लागला.

फाट्याच्या कोपऱ्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, वर पाचटाचं छप्पर, समोर चरक. ते चालवणारा माणूस पहिल्या फळीत होता. मी त्याला ओळखत होते, रस प्यायला आम्ही तिथंच थांबायचो. उत्तम त्याचं नाव. मंदाबाई त्याच्या डोळ्यासमोर गेल्या होत्या. तो वेडापिसा झाला होता. शर्ट फाटलेला, दोन्ही हातात खडी.

"तिच्या अंगावरनं गाडी घातली, आन् तुमी त्येला वाचीवताय?" तो ओरडत होता. "लाज वाटत न्हाय?"

"उत्तम, मागं हो," खताळ म्हणाला. त्याला समजवायला म्हणून खताळने हेल्मेटची काच वर केली.

उत्तमच्या हातातला दगड सुटला तो थेट खताळच्या डोळ्यावर.

खताळ ओरडला नाही. तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात चेहऱ्यावर धरले, आणि बोटांमधून जे ओघळलं ते मी बघितलं. त्यानंतर मी काय केलं ते मला चांगलं आठवतं. मी उत्तमवर धावून गेले. पहिली काठी त्याच्या मांडीवर, दुसरी खांद्यावर. तो गुऱ्हाळाकडे सरकत पळत होता आणि मी त्याच्यामागे. चरकापाशी तो अडखळून पडला, वर बघून त्याने हात आडवा धरला, मी त्याच्या मनगटावर काठी घातली. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तरी मी थांबले नाही. पाठीवर, कुल्ल्यांवर, परत पाठीवर. दोघा शिपायांनी त्याला उचललं तेव्हा तो व्हॅनकडे न जाता उलटा गुऱ्हाळाकडेच ओढ घेत होता, काहीतरी बरळत होता. त्याला परत दगड उचलायचे आहेत असं वाटून मी आणखी एक ठेवून दिली.

मी त्याला मारलं ते चुकलं, असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. खताळचा डोळा गेला तो गेलाच.

व्हॅनचं दार लावलं. आत उत्तम जाळीवर डोकं आपटत होता. मी खताळला जीपमध्ये बसवून परत फिरले, तर जाळीतून त्याचा आवाज आला, चिरकलेला.

"बाई, ओ बाई! माझी पोर आत हाय. चरकामागं, उसात दडून बसलीया."

मी थबकले. "काय?"

"छकू, माझी छकू. पाच वर्साची हाय. मीच बशिवली, म्हटलं दगड लागंल. बाई, पाया पडतो."

मी वळून गुऱ्हाळाकडे बघितलं. डंपरचं टायर फुटलं होतं आणि जळत्या रबराचे तुकडे उडून पाचटावर पडले होते. छपराची एक कड पेटली होती. वाळलेलं पाचट कसं पेटतं हे उसाच्या मुलखातल्या कुणाला सांगायला नको.

मी पळाले. पाठीत दोन दगड बसले, पण मागे वळायला वेळ नव्हता. आत धूर इतका की डोळे उघडेनात. चरकामागे उसाच्या मोळ्या उभ्या रचल्या होत्या आणि त्यांच्या मागे, लोखंडी बाकड्याखाली, काहीतरी हलत होतं. मी ढाल आणि काठी टाकली आणि पालथी पडून उजवा हात बाकड्याखाली घातला. हाताला फ्रॉक लागला.

आणि पोरीने माझा हात चावला.

असा चावला की दात हाडाला लागले. मी हात झटकला, तरी ती सोडेना. मी ओरडले, तशी सोडून आणखी आत, भिंतीच्या कोपऱ्यात सरकली आणि तिथून किंचाळायला लागली. "मारू नको! मारू नको! बाबा!"

"अगं, मी काढायला आलेय. ये बाहेर."

"न्हाय! तू मारतो!"

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. ती बाकड्याखाली होती, आणि चरकाच्या ह्या बाजूला, तिच्यापासून हातभर अंतरावर मी तिच्या बापाला मारलं होतं. तिने चेहरा बघितला नव्हता, चेहरा हेल्मेटात होता. बूट, काठी आणि हा हात एवढंच तिला दिसलं होतं.

डोक्यावर पाचट तडतडत होतं. एक जळता पुंजका माझ्या पोटरीवर पडला, मी पाय आपटून विझवला. मोळ्या बाजूला करायला वेळ नव्हता, बाकडं जमिनीत गाडलेलं. ती स्वतःहून हात धरेल तरच बाहेर येणार होती. मी परत उजवा हात घातला, तर तिने पायाने लाथा मारायला सुरुवात केली. माझी अक्कल चालेना. मला खोकल्याच्या उबळी यायला लागल्या, मी आधारासाठी डावा हात बाकड्याखालच्या मातीत टेकवला आणि मान खाली घातली.

किंचाळणं थांबलं.

मी वर बघितलं. पेटत्या छपराच्या उजेडात पोर माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. धुळीतसुद्धा ती पिवळी नखं लखलखत होती. तिने हळूच बोट पुढे केलं आणि माझ्या तर्जनीवरच्या फुलाला लावलं.

"ताई?" ती म्हणाली.

मी हात तसाच टेकवून ठेवला.

"ताई, त्यो गेला का?"

"कोण?"

"त्यो मारनारा. बाबाला मारला त्यो."

मी उजवा हात पाठीमागे घेतला. "गेला," मी म्हटलं.

"खरंच गेला?"

"खरंच. तू माझी बोटं धर. घट्ट धर."

तिने दोन्ही हातांनी माझी बोटं धरली. मी एका हाताने तिला ओढली. उजवा हात मदतीला आणला असता तर काम निम्म्या वेळात झालं असतं, पण तो दिसला की ती परत आत जाणार, म्हणून मी तो पाठीशीच ठेवला आणि गुडघ्यांवर, कोपरावर रेटत मागे सरकले. बाकड्याच्या कडेला तिचा फ्रॉक अडकून फाटला. छपराचा अर्धा भाग चरकावर कोसळला तेव्हा आम्ही उंबऱ्याशी होतो. एक पेटलेलं लाकूड माझ्या पाठीवरून घसरून गेलं, चिलखत होतं म्हणून निभावलं. ती माझ्या डाव्या काखेत, तोंड माझ्या गळ्यात खुपसलेलं. मी तशीच पळत सुटले.

दगड थांबले होते. समोरचे लोक हातात खडी घेऊन नुसते उभे होते. ड्रायव्हरला चप्पल मारणारी म्हातारी पुढे आली आणि तिने स्वतःच्या पदराने पोरीच्या केसांतली ठिणगी चोळून विझवली. मग ती परत मागे जाऊन उभी राहिली.

---

संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयात आम्ही सगळे एकाच व्हरांड्यात होतो. खताळला मोठ्या दवाखान्यात हलवायला गाडी येत होती. त्याच्या डोळ्यावर एवढा मोठा बोळा बांधलेला. तो मला म्हणाला, "ताई, बायकोला फोन करू नका. मीच करतो." एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून पडला. पलीकडच्या बाकड्यावर उत्तम, मनगटाला प्लॅस्टर, शेजारी शिपाई.

छकू माझ्या मांडीवर होती. तिची आई माहेरी गेलेली, तिला निरोप पाठवला होता. पोरगी माझा डावा हात सोडायला तयार नव्हती. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेका फुलावर बोट ठेवत होती आणि करंगळी झाली की परत अंगठ्यापासून सुरुवात करत होती. मी उजवा हात वर्दीच्या खिशात घातला होता. तो ठणकत होता, पण नर्सला दाखवायचा तर बाहेर काढावा लागला असता.

साहेब येऊन गेले. त्यांचं लक्ष नखांकडे गेलं. "ढमाळ, हे काय आहे?"

"भाचीनं लावलं, सर. घरी हळद आहे."

त्यांनी तोंड उघडलं, मांडीवरच्या पोरीकडे बघितलं आणि मिटलं. "उद्या पुसून या," म्हणून ते पुढे गेले.

पोरीला बाप दिसला तशी ती मला ओढत त्याच्याकडे घेऊन गेली. शिपायाने हरकत घेतली नाही. उत्तमने धड असलेल्या हाताने तिला कवटाळलं. तो रडत नव्हता, नुसता तिच्या डोक्याचा वास घेत होता. जळक्या केसांचाच वास होता तो.

"बाबा, ह्या ताईनं मला काडलं," छकू सांगत होती. "हिची नखं बघ. फुलं हायती."

"व्हय."

"आन् तुला मारनारा त्यो पोलीस आला हुता. मी त्येला चावली. लई जोरात चावली."

उत्तमने मान वर केली. त्याने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खिशात कोंबलेल्या माझ्या उजव्या हाताकडे. खिशाच्या कडेला रक्ताचा डाग आला होता. तो बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिला. मी वाट बघत होते. तो एक शब्द बोलला असता तर पोरीने माझी बोटं सोडली असती, आणि मला त्या घडीला त्याचीच धास्ती होती, दगडांची वाटली नव्हती इतकी.

"बरं केलंस," तो पोरीला म्हणाला. मग म्हणाला, "ताईंना नमस्कार कर. चांगल्या हायत त्या."

पोरीने हात जोडले. तिला माझी बोटं सोडावी लागली ती तेवढ्यापुरतीच.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी आयुष्यात पुष्कळांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, त्यांनी माझं काही बिघडलं नाही. त्या माणसाने माझी लाज राखली ते मात्र मला सोसवेना. मी पाण्याच्या निमित्ताने व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि नळाखाली तोंड धरलं. तिची आई येईपर्यंत परत मात्र आले, कारण छकू हाका मारत होती.

घरी पोचले तेव्हा दिवे नुकतेच लागले होते. मांडवावर माळा सोडल्या होत्या, पोरं धावत होती. वहिनीने माझी पोटरी बघितली आणि हळद शोधायला आत पळाली. मयूरी माडीवर माझी वाट बघत बसली होती, समोर पिवळी बाटली, पांढरी बाटली, उदबत्तीची काडी, टाचणी, सगळं मांडून.

तिने डावा हात आधी हातात घेतला. एकही फूल उडालं नव्हतं, फक्त अंगठ्यावरचं थोडं खरवडलं होतं, सकाळी मीच दाताने खरवडलेलं.

"टिकलं की गं," ती खुशीत म्हणाली. "आण आता उजवा."

मी उजवा हात टॉवेलवर ठेवला.

मनगटाच्या वर दातांची कमान उमटली होती, काळीनिळी, दोन ठिकाणी मांस दिसत होतं. तळव्याला काठीने फोड आले होते.

"आत्या! हे कुणी केलं?"

"एका पोरीनं. पाच वर्षांची आहे."

"का पण?"

"तिच्या बापाला ह्या हातानं मारलं होतं मी."

मयूरीने खालून कोमट पाणी आणलं, जखम धुतली, स्वच्छ फडकं बांधलं. सकाळी धरला होता तसाच तिने हा हातही मांडीवर धरला होता. मग तिने पिवळ्या बाटलीचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"लावू ना?"

"नको."

"अगं, उद्या हळद आहे. एक हात रंगलेला आणि एक कोरा, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. दोन्ही हात सारखे केलेस तर त्या पोरीला कळणार कसं कुठला धरायचा?"

मयूरीने झाकण हळूहळू फिरवून लावलं आणि सगळ्या बाटल्या डब्यात भरल्या.

दुसऱ्या दिवशी हळदीला प्रत्येक बाईने विचारलं, एकाच हाताला का गं. वेळ मिळाला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. तेजलच्या गालाला हळद लावायची माझी पाळी आली तेव्हा मी डावा हात पुढे केला. शुभकार्याला डावा हात काय लावतेस, म्हणून वहिनी ओरडली. मी ऐकलं नाही.